इरल्याला खिडकी

रविवार, १ जून

ठरलं! करणार म्हणजे करणार. आरपार दिसेल असं इरलं. आजवर कुणी केलं नाही म्हणतात — बरं झालं, माझ्यासाठी ठेवलं.

किशोर सकाळपासून हसतोय. "ताई, काचेसारखी छत्री ऑनलाइन मिळते. मागव ना, विषय संपला." धाकटा भाऊ, आटगावला गोदामात कामाला लागला तेव्हापासून जगातल्या सगळ्या वस्तू त्याच्या हाताखालून जातात. त्याला विचारलं, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात रोपांची मूठ, मग आवणी करायची कशानं — दातांनी? 

आवणीला, म्हणजे पावसात भाताची रोपं लावायला, इरलंच लागतं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पळसाची पानं नाहीतर निळं प्लॅस्टिक. डोक्यावर घातलं की पाठ कमरेपर्यंत झाकली आणि दोन्ही हात मोकळे. खोट एकच. आत शिरलं की बाजूचं काही दिसत नाही, घोड्याला झापडं लावल्यासारखं. ज्यांना ऐकू येतं त्यांचं त्यावाचून अडत नाही. माझ्या आईचं अडतं.

सोमवार, २ जून

आईचे कान पाच वर्षांपूर्वी तापात गेले. ढग गडगडला तर "कोन आलं?" विचारते. शिबिरात मिळालेलं कानाचं मशीन डब्यात पडून आहे. "डोक्यात भाताची गिरन चालू व्हते," म्हणते. आता ती तोंडं बघून बोलणं ओळखते, आणि काय ओळखते! बाबा मिशीत पुटपुटले तरी सुटका नाही. बिचारे हल्ली भिंतीकडे तोंड करून कुरकुरतात.

पण आवणीला जात नाही. कान गेले त्या वर्षी गेली होती, ते शेवटचं. आवणीत सगळ्या बाया ओळीत वाकून मागे मागे सरकतात. कुणीतरी "थांबा" म्हणालं, ओळ थांबली. हिला इरल्यात ना दिसलं, ना ऐकू आलं. सरकत राहिली ती थेट बांधावर आपटली आणि रोपांच्या मुठींवर बसली. सगळ्या हसल्या. तेही हिला दिसलं नाही, दुसऱ्या दिवशी कुणाकडून तरी कळलं. तेव्हापासून तिचा गुडघा दुखतो. गुडघ्याला काहीएक झालेलं नाही, रोज डोक्यावरून हंडे आणते.

या वर्षी ती ओळीत असणार. मला बाकी काही नको.

गुरुवार, ५ जून

आज भाकरी थापताना आपणहून बोलली. "लाइनीत गानी चालतात गो. एकमेकीची नावं घालून, नवऱ्याची, सासूची. सगळ्या गातात नि मदी मी धोंडा. त्यापरीस घर बरं."

मला लहानपणीची आठवतात ती गाणी. एक बाई सुरुवात करायची, बाकीच्या उचलायच्या. मी बांधावर बसून ऐकायची. दहावीनंतर मुरबाडला बॅगांच्या कंपनीत शिवणकामाला लागले, सातच्या एसटीनं जायचं, अंधार पडता पडता परत. शेतात पाय पडतो तो रविवारी, तोही चिखल बघायला.

आई गाणी ऐकणार नाही, पण बघेल तरी! ओठ बघून ती गाणं पकडेल याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

शनिवार, ७ जून

आमचे सुपरवायझर मनोजसर — बघायला कडक, आतून लोणी. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचे तुकडे मागितले. "कशाला?" "आईला खिडकी करायचीय." काही कळलं नसणार, पण पिशवी भरून दिले.

रविवार, ८ जून

पहिलं इरलं तयार! सगळंच पारदर्शक केलं, छप्परसुद्धा. आईला घालून अंगणात उभी केली. काय झकास दिसत होती! तेवढ्यात ऊन पडलं. थोड्या वेळानं आतून आवाज — "भाविके, मी शिजले."

बाहेर काढली तर खरंच इडलीसारखी वाफाळलेली.

सोमवार, ९ जून

छप्पर पानांचंच. खिडकीपुरतं प्लॅस्टिक. म्हातारेकोतारे उगाच पानं वापरत नव्हते.

रविवार, १५ जून

दुसरं इरलं. पुढच्या बाजूला हातभर रुंद खिडकी. आई अंगणात उभी राहिली, मी समोरून बोलले, तिनं शब्दन् शब्द ओळखला. मी टाळ्या वाजवल्या. किशोरनंसुद्धा मान हलवली. मग आई खाली पडलेला खराटा उचलायला वाकली आणि तशीच राहिली.

"भाविके, आता मला माझं पाय दिसतात. बेस दिसतात."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आवणी उभ्यानं कोण करतं? लहानपणापासून वाकलेल्या बाया बघत आले, आणि खिडकी केली ती उभ्या बाईसाठी! असो. चूक माझी, सुधारणारही मीच. खिडक्या बाजूंना हव्यात. दोन, कानांच्या रेषेत.

मंगळवार, १७ जून

बाजूच्या खिडक्या झाल्या, पण प्लॅस्टिकला सुरकुत्या पडतात. आईला शेजारच्या सावळीकाकीचं तोंड आतून बेडकासारखं दिसलं. तिनं तसं सांगितलंही, मोठ्यानं, काकीसमोर! ऐकू येत नसलं की आवाजाचा अंदाज राहत नाही. काकी चहा न घेताच गेली.

बुधवार, १८ जून

उपाय सापडला! जुन्या चाळणीची गोल पट्टी. तिच्यावर प्लॅस्टिक ताणून बसवलं की आरशासारखं सपाट. घरातल्या दोन्ही चाळण्या गेल्या. आई पीठ चाळायला लुगड्याचा तुकडा वापरतेय आणि माझ्याकडे बघत नाहीये.

शुक्रवार, २० जून

शिवणीतून पाणी गळतं. सुईच्या प्रत्येक भोकातून एक थेंब, बरोबर कानात. आई म्हणते, "तसाबी कान रिकामाच हाय, पडू दे." मी पडू देणार नाही. जेवणाच्या सुट्टीत मनोजसरांनी प्लॅस्टिक चिकटवायचं गरम मशीन वापरू दिलं. कडा अशी बसली की टाका नको, दोरा नको. सर म्हणाले, "पेटंट घे." म्हटलं, आधी आवणी होऊ दे.

रविवार, २२ जून

आज परीक्षा घेतली. आई इरलं घालून अंगणात वाकलेली, मी बाजूला, आवाज न करता नुसते ओठ हलवायचे. "पाणी" म्हटलं तर ती म्हणाली "माती". "बाबा" म्हटलं तर "पापा". ओठांवर सारखंच दिसतं त्याला ती तरी काय करणार? पण पूर्ण वाक्य बोलले की एकही चूक नाही. "किशोरला मुलगी बघायची का?" नुसते ओठ हलवले. आतून खणखणीत उत्तर — "आधी त्याला आंघोळ करायला सांग!"

पास! पैकीच्या पैकी!

मंगळवार, २४ जून

आतून धुकं धरतं. श्वासानं. थोडा वेळ वाकलं की खिडकी दुधासारखी पांढरी.

आमच्या एसटीचे चालक भगीरथकाका पावसात काचेवर तंबाखू चोळतात. परतताना त्यांच्याकडून चिमूटभर आणली. धुकं गेलं, पण आईला शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. मग साबणाची वडी कोरडीच घासली, फडक्यानं पुसली, आणि वर टोकाशी वारा जायला बोटभर फट ठेवली. आता स्वच्छ. तंबाखू बाबांनी संपवली.

शुक्रवार, २७ जून

मी मूर्ख आहे! एसटीत बसल्या बसल्या लक्षात आलं आणि हातातला डबाच निसटला. आईच्या इरल्याला खिडकी आहे. ती शेजारणीकडे बघणार. पण शेजारणीचं तोंड आहे कुठं? तिच्या स्वतःच्या इरल्यात! आईला माझ्या एवढ्या कारागिरीतून निळं प्लॅस्टिक दिसणार, दिवसभर.

अंगणात मी उघड्या डोक्यानं बसायचे ना. म्हणून कळलं नाही.

शनिवार, २८ जून

रात्री झोप लागली नाही, पण सकाळी डोकं साफ होतं. एक इरलं नव्हे, तीन! आईचं, आणि तिच्या दोन्ही बाजूंना जी असेल तिचं. डावीकडे सावळीकाकी, उजवीकडे जनी. जनी माझ्या वर्गातली, आता दोन घरं पलीकडे सून म्हणून आलीय, ती लगेच हो म्हणाली. चाळण्या तिच्याकडच्याच घेतल्या.

काकीचं अवघड आहे. बेडूक अजून विसरलेली नाही.

रविवार, २९ जून

काकीकडे जाऊन बसले. "माझं तोंड बघून काय करनार ती? काय असं बोलते मी?" म्हणाली. म्हटलं, जे काय बोलाल ते. "तोंडात मिश्री असते माझ्या." असू द्या. "नि मला बेडूक बोलली." म्हटलं, काकी, तुमच्यासंगं लहानपणापासून आवणी केली तिनं. पाच वर्षं झाली घरात बसलीय. तुमचं तोंड दिसलं तर येईल, नाहीतर नाही येणार.

काकीनं सुपातला एक खडा वेचून अंगणात फेकला. मग म्हणाली, "माझ्या चाळनीला हात लावायचा नाय. तुझी आन."

आणली. शहापूरच्या बाजारातून नवीन!

शनिवार, ५ जुलै

तिन्ही इरली ओसरीवर उलटी टांगलीत. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात, जणू त्यांनीच केली. परवा आवणी आमच्या शेतावर. मग जनीकडे, मग काकीकडे. आमच्याकडे एकमेकींच्या शेतावर जायची पद्धत आहे, मजूर लावत नाही. आईच्या जागी ही पाच वर्षं बाबा जात होते दुसऱ्यांकडे, नांगर घेऊन चिखलणीला.

रविवार, ६ जुलै

आई नाही म्हणते! गुडघा. एवढं सगळं झाल्यावर गुडघा!

मी भांडले, बाबांनी समजावलं, किशोर म्हणाला राहू दे. तिनं डोळेच मिटून घेतले. डोळे मिटले की तिच्याशी बोलणंच बंद, हे तिला चांगलं ठाऊक आहे. मी ओसरीवर जाऊन मुसमुसत बसले. खरंच रडले. पाऊस जोरात होता.

थोड्या वेळानं बघते तर ती इरलं घालून अंगणात आलेली. गोठ्याकडे शेण काढायला वाकली होती, खिडकी माझ्या बाजूला. मी बसल्या जागेवरून, आवाज न करता, नुसते ओठ हलवले — "भित्री."

ती ताडकन उभी राहिली. "भित्री कोनाला बोलतंस गो?"

अख्खं अंगण आडवं, मधे धो धो पाऊस, आणि तिनं तो एक शब्द पकडला! मी नुसतीच हसत सुटले. तिनं शेणाचा हात माझ्यावर उगारला आणि मग तीही हसली.

"सकाळी उठव मला," म्हणाली. जणू तिला कधी कुणी उठवलंय.

सोमवार, ७ जुलै

गेली! मी कंपनीत. आज तीन बॅगांना उलटा बंद लावला, मनोजसरांनी स्वतः बसून उसवून दिले.

संध्याकाळी एसटीतून उतरले ती थेट काकीकडे. काकी म्हणाली, "एकदाबी लाइन सोडली नाय तिनं. आमी थांबलो का थांबली, सरकलो का सरकली. हात तर आमच्यापरीस जलद." जिंकले! मी जिंकले! चिखलात नाचायचं तेवढं बाकी राहिलं.

आईला विचारलं, दिसलं का सगळं? "दिसलं," म्हणाली. "सगळं दिसलं." अर्धी भाकरी खाऊन उठली. दमली असेल.

मंगळवार, ८ जुलै

आज जनीच्या शेतावर गेली नाही. का ते सांगत नाही. इरलं तपासलं — गळत नाही, धुकं नाही, कामटी टोचत नाही. मग काय? कुणी हसलं का? काकी शपथेवर सांगते, कुणी हसलं नाही.

बुधवार, ९ जुलै

चूल पेटवताना सांगितलं एकदाचं. "कोनाचं तोंडच हालत नाय गो. दिवसभर बघितलं. इकडं सावळी, तिकडं जनी. गप लावतात, गप सरकतात. येवढी वर्सं मला वाटं गानी चालू हायेत, मलाच ऐकू येत नाय."

धावत काकीकडे गेले. सुरुवात करणारी गीताबाई चार वर्षांपूर्वी लेकाकडे कल्याणला गेली. तेव्हापासून कुणी सुरुवातच केली नाही. बाबांच्या ध्यानातही आलं नव्हतं. मला तर ठाऊकच नव्हतं. नसलेल्या गाण्यांसाठी ती एवढी वर्षं घरात बसली!

घरी आले तर आई इरलं डोक्यावर घेऊन दारात. "गीताबाई नाय तर नाय. मी म्हनते गानी."

मी म्हटलं, आई, सूर चुकला तर?

"चुकू दे. मला कुठं ऐकू येनार हाय!"