नमुना क्रमांक सतरा

सर, तुमची वही सापडली. तुमच्या सूनबाई फ्लॅट रिकामा करताना दोन पिशव्या भरून कागद संस्थेत घेऊन आल्या. "रद्दीत द्यायला हात धजेना, तुम्हीच बघा काय ते," म्हणाल्या आणि माझ्या टेबलापाशी पिशव्या ठेवून गेल्या. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. इतकी वर्षं ती वही तुमच्या माळ्यावर पडून होती, आणि इथे मी दर वर्षी तुमच्या फोटोला हार घालत होते, नव्या मुलांना सांगत होते की माणूस असावा तर असा. यंदा हार घालणार नाही, हे आधीच सांगून टाकते. मागाहून वाईट वाटून घेऊ नका.

ती तपकिरी पुठ्ठ्याची वही, कल्हईवाल्यांच्या अभ्यासाची. तिला आम्ही 'किल्ली' म्हणायचो, कारण कुठला नंबर कुठल्या माणसाचा हे फक्त तिच्यात लिहिलेलं असायचं आणि ती तुमच्या कपाटात कुलपात असायची. आम्ही मोजणारे. आमच्यापुढे फक्त नंबर. ज्याचं मोजतोय तो कोण हे मोजणाऱ्याला कळलं की हात नकळत खोटं बोलतो, असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून वस्तीत रक्त घ्यायला गेलो की नळ्यांवर नंबर तुम्ही घरूनच चिकटवून आणायचात, नाव तुम्ही स्वतः लिहून घ्यायचात, आणि नळ्यांचा ट्रे धरणाऱ्याने, म्हणजे मी, नळी ठेवली जाताना मान वळवायची. आपल्या प्रयोगशाळेची ती रीतच होती. बाहेरचे लोक हसायचे. आम्हाला मात्र केवढा अभिमान! देवळात चपला काढाव्यात तशी मी मान वळवायचे.

आणि गल्ली कुठली, तर माझीच. कसबा पेठेतला तो बोळ, जिथे अब्बांचा कल्हईचा गाळा होता. दाराशिवाय वारा यायला दुसरी जागा नाही, जमिनीत भट्टी, बाजूला भाता. भांडं लाल होईस्तोवर तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, की पांढरा धूर भस्सकन तोंडावर. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाने सर्रकन फिरवायची, की काळंकुट्ट पातेलं चांदीसारखं. लहानपणी मी ते तासन्‌तास बघत बसायचे. बाजारात स्वस्त कथलात शिसं मिसळून येतं आणि ते धुरातून या लोकांच्या अंगात जातं, हा तुमचा संशय. मोजून दाखवायचं, लोकांना शहाणं करायचं, सरकारला जागं करायचं. "उपयोजित संशोधन म्हणजे ज्याचा कुणाला तरी उपयोग होतो ते. बाकीचं कपाटात ठेवायला बरं," हे तुमचं वाक्य. टाळ्या घ्यायचं.

गल्लीतले लोक सुई टोचून घ्यायला तयार नव्हते. तुम्ही मला म्हणालात, "अहो, तुमचीच माणसं आहेत, तुम्ही बोला." मी अब्बांशी बोलले. आधी ते बसले म्हणून मग बाकीचे बसले. शर्टाची बाही वर करून गमतीने म्हणाले, "ले लो साहेब, बेटी ने बोला तो एक बाटली ले लो." तुम्ही हसलात. त्यांच्या घरचा चहा प्यायलात. अम्मीने सोबत दिलेल्या खारीची तारीफ केलीत. तीन फेऱ्या व्हायच्या होत्या, सहा-सहा महिन्यांच्या अंतराने. तोवर कुणाला काही सांगायचं नाही, कारण मध्येच सांगितलं तर लोक वागणं बदलतील आणि आकडे बिघडतील. आकडे बिघडतील! हे शब्द आता लिहिताना माझी बोटं जळतायत.

पहिल्या फेरीचे निकाल मीच काढले. एक नंबर बाकीच्यांपेक्षा इतका वर होता की मी यंत्र दोनदा तपासलं, नमुना पुन्हा लावला. तेच आलं. मी तुमच्या खोलीत आले, तिथे आणखी चौघं बसली होती. मी विचारलं, "सर, हा सतरा कुणाचा?" तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "बाई, इथे माणसं नसतात, नमुने असतात. माणसं हवी असतील तर शनिवारवाड्यापाशी संध्याकाळी पुष्कळ दिसतात." सगळे हसले. मी पण हसले. तुमच्या तिरकस बोलण्यावर न हसणं म्हणजे अडाणीपणा होता आपल्याकडे. आणि पुढे काय केलं मी, ऐका. माझ्या हाताखाली माणसं आल्यावर तेच वाक्य मी त्यांना ऐकवत राहिले. वीस वर्षं. शनिवारवाड्यासकट.

त्याच आठवड्यात अब्बांनी जेवताना विचारलं, "बेटा, मेरा क्या निकला?" मी ऐटीत सांगितलं की आम्हाला कळत नाही, तसा नियमच आहे, त्यालाच विज्ञान म्हणतात. ते म्हणाले, "अच्छा," आणि माझ्या ताटात आणखी एक रोटी टाकली. त्यांचं पोट दुखायचं, डॉक्टर पित्ताच्या गोळ्या द्यायचे. उजवा हात मनगटातून लुळा पडायला लागला, तर वात आहे म्हणून तेल चोळायचं चालू. चिमट्यातून भांडं सुटायचं. ज्या माणसाच्या हातून उभ्या आयुष्यात पातेलं पडलं नाही, त्याच्या हातून गिऱ्हाइकाची परात भट्टीत पडली आणि तो गिऱ्हाइकावरच ओरडला. आम्हाला वाटलं वय झालं.

मग ईदला तुम्ही घरी आलात. हातात खोकं, खोक्यात नवाकोरा टेबल पंखा. "गाळ्यात फार गरम होतं तुमच्याकडे, तिथे लावा," म्हणालात, दोनदा म्हणालात. मोहल्लाभर बोलबाला झाला, की मोठे साहेब येऊन पंखा देऊन गेले. सर, तुम्ही कितीतरी महिने त्या धंद्याचा अभ्यास करत होतात. भट्टीपाशी पंखा लावला तर नवसागर उडतो, निखारे फुलून राख भांड्यात पडते, कथील धरायच्या आत भांडं थंड होतं. कुठलाही कल्हईवाला गाळ्यात पंखा लावत नाही. एवढं तुम्हाला कळू नये? अब्बांनी तुमच्या मानाखातर एक दिवस लावून पाहिला, तीन भांडी वाया घालवली, आणि पंखा अम्मीच्या स्वयंपाकघरात आला. आम्ही मजेत त्याच्या वाऱ्याखाली जेवायचो आणि तुम्हाला दुवा द्यायचो. अब्बा गाळ्यात तोच धूर घेत राहिले.

अहवाल निघाला तो कार्यक्रम मला आठवतो आहे, आत्ता समोर दिसतो आहे. सभागृह भरलंय. शाल, श्रीफळ, गुच्छ. गल्लीतल्या लोकांना तिसऱ्या रांगेत बसवलंय, अब्बांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलाय आणि डाव्या हाताने चहाचा कप धरलाय, कारण उजव्यात राहत नाही. पडद्यावर तुम्ही आलेख दाखवताय, एकेका नंबरची एकेक उभी पट्टी. सतराची पट्टी पार वरपर्यंत गेलीय. अब्बा माझ्याकडे वाकून हळूच विचारतात, "वो लंबावाला कौन है बिचारा?" मी म्हणते, "गप्प बसा ना अब्बा, सर बोलतायत."

तुम्ही बोलत होतात. अब्बांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत.

परवा वही उघडली. सतराव्या ओळीवर तुमचं ते सुबक अक्षर. अब्बांचं नाव, गाळ्याचा पत्ता, वय. समासात पेन्सिलीने: "मुलगी आपल्याकडे. सांगावे?" आणि त्याखाली, दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी, निळ्या शाईने: "पंखा दिला."

पंखा दिला! सर, ही नोंद करताना वरची ओळ तुम्हाला दिसली नाही? तुम्हाला माहीत होतं. माझ्या घरी बसून शीरखुर्मा खाताना माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं: धंदा थोडे दिवस बंद ठेवा, चांगल्या डॉक्टरला दाखवा. त्याने तुमचा एक नमुना बिघडला असता. फक्त एक! तेवढं बिघडू नये म्हणून तुम्ही बाजारात गेलात, पंखा निवडलात, खोकं बांधून घेतलंत, रिक्षात घालून आणलंत. स्वतःच्याच नियमाला चुकवून मागच्या दाराने चांगुलपणा करून गेलात, आणि तोही धड जमला नाही. अब्बा तुमच्याआधी दोन वर्षं गेले, मूत्रपिंडं निकामी होऊन. शिशानेच गेले असं मी म्हणणार नाही, मी विज्ञानातली बाई आहे, पुराव्यापलीकडे बोलत नाही. बघा, अजूनही तुमचीच भाषा माझ्या तोंडी आहे. मला तुमचा राग येतो तो याचाही येतो.

आता माझं ऐका. येरवड्याच्या एका वस्तीत आमचं काम चालू आहे. तिथल्या बायका घरात बसून जुन्या मोबाइल-संगणकांच्या सर्किटच्या पट्ट्या तापवून धातू सोडवतात. पहिल्या फेरीचे निकाल दीड महिन्यापूर्वी आले. एक नंबर पार वर. माझी विद्यार्थिनी, विश्रांतवाडीहून स्कूटरवर येते, तोंडाने जरा फटकळ आहे, ती म्हणाली, "मॅम, हिला आत्ता सांगू या ना, पुढच्या राउंडची वाट कशाला? त्याच शेगडीवर ती भाकऱ्या भाजत असेल." मी चष्मा कपाळावर चढवला. हो, तुमच्यासारखाच. म्हणाले, "इथे माणसं नसतात, नमुने असतात." ती हसली नाही. म्हणाली, "सीरियसली, मॅम? मग आपण बिस्किटाचे पुडे घेऊन कुणाच्या घरी गेलो होतो?" मी तिला उद्धट म्हणाले. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

आज सकाळी मी माझं कपाट उघडलं, माझी 'किल्ली' काढली आणि तिला म्हटलं, चल. आज दुपारी आम्ही जाऊन आलो. बाई दारातच पट्ट्या निवडत होती, मांडीवर पोर. मी सगळं सांगितलं, डॉक्टरची चिठ्ठी दिली, पोराचीही तपासणी करू म्हटलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "ताई, हे तुम्हाला कधी कळलं?"

"दीड महिना झाला."

"आन् आज सांगताय?"

नियम होता, असं जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "चुकलं माझं." ती पोराला उचलून आत घेऊन गेली. अभ्यास बिघडला म्हणून संस्थेच्या समितीला उद्या कळवायचं आहे, तेही करीन.

हे पत्र तुमच्याच वहीत ठेवणार आहे, सतराव्या ओळीच्या पानात. दुसरीकडे कुठे पाठवणार? पण ठेवण्याआधी एक सांगायचं राहिलंय. इथवर सगळं तुमच्या माथी मारलं, आणि त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. मात्र गल्लीत रक्त घेतलं त्या दिवशी ट्रे माझ्याच हातात होता. अब्बांची नळी ठेवली गेली तेव्हा मी मान वळवली, पण वळवायला उशीर झाला. सतरा मी पाहिला होता. म्हणून तर तुमच्या खोलीत येऊन विचारलं, सतरा कुणाचा. नाव तुमच्या तोंडून बाहेर पडलं असतं, तर मी नियम मोडून आधीच पाहिलं होतं हे कुणाला कळलं नसतं, आणि अब्बांना सांगता आलं असतं. तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलंत, आणि सर, मला सुटल्यासारखं वाटलं.