सोळा मिनिटं अडतीस सेकंद

४ मे
पोचलो एकदाचे. पालीच्या पुढे, उघड्या कातळावर आमचं केंद्र: दोन खोल्या आणि बाहेर अँटेनांचे आठ खांब. काम मजेशीर आहे, सूर्य ऐकायचा. त्याच्यावर स्फोट झाला की रेडिओलहरी येतात आणि संगणकाच्या पडद्यावर उभी रेघ उमटते. सूर्य मावळला की आपण मोकळे. शाळेला सुट्टी म्हणून लेकीला, राहीलाही आणलंय. सात वर्षांची बया, आल्या आल्या रखवालदार धाकूमामांच्या घरचे सहा आंबे फस्त करून बसली.

५ मे
अँटेना नीट चालतात का बघायला रोज बाराला आपणच एक चाचणी-संदेश सोडायचा: तीन ठोके लहान, एक लांब. माझ्या आधीच्या गुरुप्रसादांनी महिनाभर नोंदवहीतला तो रकाना कोरा ठेवलाय. आळशी माणूस. मी आजपासून सुरू केलं.

६ मे
गंमतच. संदेशानंतर सोळा मिनिटं अडतीस सेकंदांनी तशाच चार रेघा परत आल्या. लहरींना सूर्यापर्यंत जाऊन यायला एवढाच वेळ लागतो. पण आमचा संदेश कुंपणाबाहेरही धड पोचत नाही. बारा तारखेला रितेश माझ्या जागी येणार आहे, त्याला फोन केला. हसला मेला. म्हणाला, यंत्राला ऊन लागलंय.

७ मे
आज अकरा मिनिटांनी. सगळ्या वायरी तपासल्या. दोष नाही.

८ मे
चार मिनिटं. जे उत्तर देतंय ते जवळ येतंय. धाकूमामा पडद्याकडे बघायलाच तयार नाहीत. म्हणाले, बाय, भर दुपारी कातळावर हाक आली तर आम्ही ओ देत नाय, आणि तू तर रोज आपणच हाक मारतंयस. गुरुप्रसादांची बायको अशाच हाकेला ओ देऊन बाहेर गेली. सापडली नाही. तेव्हापासून त्यांनी संदेश बंद केला.
मी घाबरलेय. खरंच घाबरलेय.

९ मे
संदेश सोडला नाही. वायरच काढून ठेवली. तरी बाराला चार रेघा. आपणहून. मग पुन्हा. पुन्हा. सूर्य बुडेपर्यंत — उद्या सकाळी राहीला घेऊन रत्नागिरी. बस झालं.

१० मे, अकरा वाजता
रिक्षावाला महिपत नऊला येणार होता. आला नाही. फोनला रेंज नाही, नुसती खरखर. धाकूमामाही दिसत नाहीत. रस्त्यापर्यंत चालत जायचं तर तीन किलोमीटर उघडा कातळ, आणि बारा वाजत आलेत. राहीला बजावलंय, कुणीही हाक मारली तरी गप्प राहायचं. तिला खेळ वाटतोय.

बारा
पडदा पांढरा. सगळा पांढरा. दाराला आतून कडी लावलीय.

बारा पाच
हाक आली. बाहेरून. राही, ये गं — आवाज माझा. रितेश, ही वही तुलाच सापडेल, मी आत आहे, इथे टेबलाशी लिहितेय, आणि बाहेर माझाच — राही माझ्याकडे बघतेय, दाराकडे बघतेय. तिला कळत नाहीये कोणती आई — डाव्या हाताने तिचं तोंड दाबून धरलंय — परत हाक —
चावली. सुटली. दाराकडे तोंड करून, शहाण्या मुलीसारखी, ओ, आले गं आ—