तुमचं घरातलं कालवण

प्रिय आई,

काल संध्याकाळी मी तुमचा जवळ्याचा डबा उघडला. तुम्हाला तिकडे दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगून टाकते. तुम्ही गेल्यापासून दोन महिने गॅलरीतल्या तुमच्या कपाटाला मी कुणाला हात लावू दिला नव्हता. जवळा, सोडे, बोंबील ही सुकी मासळी, वालाची डाळ, आमसुलं, सगळं तुमच्या हातचं निवडलेलं, वाळवलेलं. ते संपलं की तुम्ही खरोखरच संपलात, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. म्हणून कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली. विज्ञान शिकवणाऱ्या बाईची ही अक्कल.

आणि इकडे बाबा जेवत नव्हते.

तेराव्यापर्यंत आम्हाला वाटलं, होईल हळूहळू. मग मी ताजं पापलेट आणलं, कोलंबी आणली, नरेशने पनवेलच्या बाजारातून खेकडे आणले. तुमचा लेक स्वतःहून बाजारात गेला, आई, विश्वास बसतो का? बाबा दोन घास खायचे, "चांगलं हाय, बाय," म्हणायचे आणि ताट हलकेच पुढे सरकवायचे. इतकं गोड बोलायचे की रागवायचीही सोय नव्हती. पायजमा कमरेवर राहीना. मागच्या सोमवारी डॉक्टर म्हणाले, आठवडाभरात खाणं वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल. नरेशने त्याच दिवशी बॅग काढून दारामागे ठेवली. ती बॅग बघून बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले, आणि मला त्याचीच भीती वाटली.

मी लग्न होऊन आले तेव्हा आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, हा शब्दसुद्धा मला माहीत नव्हता. माझं माहेर साताऱ्याचं. पावसाच्या आधी एवढा सुका बाजार घरात कशाला भरतात, असं मी विचारलं होतं आणि तुम्ही माझ्याकडे असं बघितलं होतंत की ही पोर पावसाळ्यात काय खाऊन मोठी झाली असेल. कोन गावातली आपली जमीन गेली, घर गेलं, आपण सहाव्या मजल्यावर आलो, खाली तीन दुकानं आणि फोनवर दहा मिनिटांत भाजी. तरी दर वैशाखात तुम्ही करंजाच्या बंदरावर जायचात म्हणजे जायचातच. तिथल्या कोळणींशी तासभर भांडून, प्रत्येक पाटीतला जवळा हातावर चोळून बघून, पिशव्या भरून यायचात.

मला लाज वाटायची, आज कबूल करते. तुम्ही बोंबील भाजायला घेतलेत की मी खिडक्या लावून अगरबत्ती पेटवायचे. तुम्ही एकदाही काही म्हणाला नाहीत. एकदा तरी झापायचं होतंत ना मला!

तो दिवस आठवतो? आमच्या नणंदबाई सुनीताताईंच्या सासरची सात माणसं उरणहून न सांगता आली होती. फ्रिजमध्ये अर्धा कोबी आणि माझं दही. मी घाबरून यादी करायला बसले. तुम्ही यादीचा कागद उचललात, त्याने ओटा पुसलात आणि म्हणालात, "नाय ते कशाला बघतेस? हाय ते काढ." पाऊण तासात तांदळाच्या भाकऱ्या, सोडे-बटाटा, आमसुलाचं सार, भाजलेले पापड आणि गूळ घालून तांदळाची खीर. कोबीचं काय केलंत ते मला आजवर समजलेलं नाही, पण तो सगळ्यांनी मागून घेतला. विहीणबाईंनी विचारलं, केव्हापासून तयारी करत होता? तुम्ही पदर सारखा करत म्हणालात, "सकालधरनं." मी तेव्हा हसू दाबायला बाथरूममध्ये गेले होते.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी एका फार हुशार बाईच्या घरात आले आहे. शाळेची पायरी न चढलेल्या तुम्ही. कुठलं भांडं किती पाणी ओढेल, कुठली आमसुलं जुनी म्हणून दोन जास्त टाकायची, जवळा जून असेल तर किती वेळा धुवायचा, सगळं बोटांत. आणि मी चमचे मोजणारी. किती मीठ, किती मिनिटं, असं विचारलं की तुम्ही म्हणायचात, "किती काय काय इचारतेस, बाय? उभी ऱ्हा नि बघ." पण माझी तक्रार आहे, आई. मी उभी राहिले की तुम्ही मला कांदा चिरायला बसवायचात. बघणार कधी?

तर बुधवारी बाबा आपणहून म्हणाले, "तिचं घरातलं कालवन कर कवा तरी." मला एवढा आनंद झाला की मी लगेच फोन घेऊन बसले. सुनीताताई म्हणाल्या, त्यात वालाची डाळ आणि जवळा. नरेश म्हणाला, वांगं असायचं, नक्की असायचं. कोनच्या पार्वतीकाकूंनी सांगितलं, "ती तं अंडी फोरून टाकायची, मी माज्या डोल्यांनी बघलंय." तिघेही छातीठोक. मी काय केलं असेल? सगळ्यांची बेरीज केली. यादी केली आणि शाळेतून येताना बाजारातून डाळ, वांगी, अंडी, नवा जवळा, नवी आमसुलं, सगळं विकत आणलं. तुमचे डबे तसेच कुलपात.

घरातलं कालवण करायला मी बाजारात गेले, आई. हसा.

बाबांनी एक घास खाल्ला. "चांगलं हाय," म्हणाले. मग ताट पुढे सरकवलं. "पन हे तिचं नाय." आणि उठले. मी ते भांडं घासताना रडले, आणि रागही आला. त्यांचा नाही, तुमचा. एवढं सगळं करून ठेवलंत आणि कसं करायचं ते बरोबर घेऊन गेलात.

काल शाळेत पालकसभा होती. घरी पोचले तेव्हा साडेसहा वाजले होते. बाबांच्या गोळ्या सातला, त्याही जेवणावर. नरेश कामावर, फ्रिज रिकामा, फोन बंद पडलेला आणि लिफ्टसुद्धा. सहा मजले चढून आल्यावर पुन्हा खाली उतरायचं माझ्याच्याने होईना. मी ओट्याशी उभी राहिले. दोन मोड आलेले बटाटे आणि एक कांदा. बाहेरच्या खोलीत बाबा पंख्याकडे बघत होते. "हाय ते काढ," तुम्ही म्हणाला होतात. मग पर्समधून किल्ली काढली.

कुलूप उघडलं आणि पहिल्यांदा तुमचाच वास आला. मी तिथेच खाली बसून घेतलं. मग जवळा काढला, वालाची डाळ काढली, आमसुलं काढली. जवळा तव्यावर भाजला, खिडकी लावायची राहूनच गेली. तो धुतला. डाळ मूठभरच होती म्हणून रस्सा दाटायला तांदळाचं पीठ लावलं. कांदा-बटाटे चिरून टाकले. लसूण नव्हता, तर नव्हता. काहीही मोजलं नाही, घड्याळाकडे बघायला वेळच नव्हता.

रस्सा उकळायला लागला आणि बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. तिथेच खुर्ची ओढून बसले. मी भात वाढला, त्यावर कालवण घातलं. त्यांनी घास घेतला, आणखी एक घेतला. मग कपाळाला आठ्या पडल्या.

"मीठ कमी हाय."

मी मिठाचा डबा पुढे केला.

"आनि बटाटा कच्चा हाय. कुनी शिकवलं तुला?"

"आईंनी," मी म्हटलं.

"तरीच," बाबा म्हणाले, आणि ताट माझ्यापुढे धरलं. "भात हाय का अजून?"

आई, तुमच्या कालवणात मीठ कधीच कमी नसायचं. मी इतकी वर्षं जेवलेय, मला माहीत आहे. पण ते तुम्हाला रोज तसं म्हणायचे आणि तुम्ही रोज "जीभ गेलीय तुमची" असं म्हणून आणखी वाढायचात. बाकी साऱ्या जगाला ते "चांगलं हाय" म्हणतात. काल मी त्यांना दुसऱ्यांदा भात वाढला, तिसऱ्यांदा वाढला. नरेश आल्यावर त्याला रिकामं पातेलं दाखवलं. त्याने आधी बॅग माळ्यावर टाकली आणि मग जेवायला काय आहे ते विचारलं. काहीच उरलं नव्हतं.

तुमचे डबे आता उघडेच राहतील. महिनाभरात तळ दिसेल, मला कळतंय, आणि त्या दिवशी मी पुन्हा रडेन. पण मी ते संपवणार आहे. वैशाखात बाबांना घेऊन करंजाला जाईन, कोळणी मला हमखास फसवतील, जवळा चुकीचा येईल. येऊ दे. तुम्हाला एवढा शब्द देते की या घरात बाबांना माझ्या जेवणाला नावं ठेवायला रोज काहीतरी मिळेल.

तुमची सून,
वैशाली