पुरुषांनी बाजार करायचा दिवस

बुध., ३ जून. हॅनोव्हर.
प्रोफेसरांकडून माझ्या बुर्किना फासोवरच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण परत आलं. तिथल्या सरकारने मंत्र्यांच्या आलिशान गाड्या विकून छोट्या दिल्या, तो भाग आवडला. सक्तीची लग्नं बंद, झाडं लावणं, तेही ठीक. पण 'पुरुषांनी बाजार करायचा दिवस' याच्या शेजारी पेन्सिलीने: एका दिवसाच्या हुकमाने घरात काय बदललं? पुरावा?
बुर्किना फासोचं ते क्रांतिकारी सरकार चार वर्षं टिकलं. माझी पीएचडी त्याहून जास्त चाललीये.
निखिलची दूर दक्षिणेतली त्सुफेनहाउझेनची नोकरी पक्की, ऑगस्टपासून. जेवताना, सध्या आमच्याकडे आलेल्या सासूबाईंना म्हणाला, "आम्ही जुलैअखेर शिफ्ट होतोय." आम्ही! माझं काम, लायब्ररी, मुलाखती, सगळं इथे. तेव्हाच बोलायला हवं होतं. वरण-भात गिळत बसले.

शुक्र., ५ जून
खालच्या मजल्यावरची मारियाम मुलाखतीला आली. रिटायर्ड नर्स, लहानपण बुर्किना फासोच्या राजधानीत, वागाडुगूत गेलं. सासूबाईंनी शिरा केला आणि तिथेच ठाण मांडलं, त्यामुळे मला जर्मनचं मराठी करत बसावं लागलं.
तेव्हा ती शाळेत होती. सरकारने सांगितलं, आज बायका घरी बसतील, बाजार आणि स्वयंपाक पुरुष करतील. तिचे वडील टोपली घेऊन निघाले तर सगळी गल्ली हसली. भेंडी जून आणली, मासा शिळा. दुसऱ्या दिवशी आईने जाऊन सगळं पुन्हा आणलं.
"मग उपयोग काय झाला?" सासूबाई.
मारियाम म्हणाली, "जेवायला उशीर झाला की बाबा ताट ढकलून द्यायचे. त्या दिवसानंतर कधी ढकललं नाही. सरकारला मात्र मरेपर्यंत शिव्या घातल्या."
सासूबाईंनी तिला आणखी शिरा वाढला. मग, "उद्या शनिवार आहे ना गं? आपणही करू."

शनि., ६ जून
सासरे आणि नि. पिशव्या घेऊन बाहेर. सासूबाई सोफ्यावर मांडी ठोकून. मध्येच उठून खिडकीतून, "अहो, कोथिंबीर विसरू नका!"
कोथिंबीर म्हणून तिच्यासारख्याच दिसणाऱ्या पेटरझिलीच्या तीन जुड्या आल्या. वास नाही का घेतलात? "मला सर्दी आहे," सासरे. नि.ला सर्दीही नाही आणि इतकी वर्षं जर्मनीत काढलीत. पोह्यांवर तीच भुरभुरवली. खाल्ले सगळ्यांनी. दिसायला मुंडावळ्या बांधलेला नवरा, चवीला परका.
"कसे झालेत?" सासऱ्यांनी दोनदा विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "छान."
नंतर ओट्यापाशी मला म्हणाल्या, "इतकी वर्षं हे मी विचारायचे. ते पेपरातून मान वर करायचे नाहीत." हसत म्हणाल्या, पण मला भरून आलं. भांडी आम्हीच घासली, हुकमात भांडी नव्हती.
घासता घासता बोलून गेले: आई, मला अजून वर्षभर इथेच राहायचंय. त्यांनी नळ बंद केला.

रवि., ७ जून
चहाबरोबर सासूबाईंचा निकाल. "निखिल, केतकी वर्षभर इथे राहील, काम पुरं करेल. तू सुट्टीला येत जा."
नि.: "हो आई." एवढंच. माझ्याकडे बघितलंही नाही.
आनंद झाला, खोटं कशाला बोलू. दुपारपर्यंत टिकला. हा 'हो' मला नव्हता.

शनि., १३ जून
सासू-सासऱ्यांना विमानतळावर सोडून आलो. सासऱ्यांनी आपली बॅग आपण भरली, चष्मा इथेच राहिला. घर एकदम मोठं झालं.
बाजाराचं कुणीच नाव काढलं नाही. ब्रेड-अंडी.

मंगळ., १६ जून
मारियामचं ताट प्रकरणात घातलं. प्रोफेसर म्हणतील, एका घरातलं एक ताट. गेनाऊ, अगदी बरोबर, माझ्याकडे तेवढंच आहे.
तिच्या वडिलांनी ताट ढकलणं सोडलं ते हुकमामुळे, की टोपली हातात धरल्यामुळे? दोन परिच्छेद लिहिले, दोन्ही खोडले.
नि. आणि मी अगदी व्यवस्थित बोलतोय. दूध संपलं, वॉशिंग मशीन लावलं, वगैरे.

गुरु., १८ जून
त्सुफेनहाउझेनच्या घरमालकिणीचा फोन. एका खोलीचं घर हवं की दोन खोल्यांचं, उद्या सांगा.
फोन ठेवून नि. म्हणाला, "आईला हो म्हटलं खरं. पण आई परत गेली आता."
तो माझ्याकडे वळला.
"तुला राहायचंय हे मला आईकडून कळावं? मला लागलं ते, केतकी. आता तू सांग."
सांगितलं. मला राहायचंय. हे पुरं केल्याशिवाय मला कुठेही धड बसवणार नाही. आणि तू तिकडे एकटा राहायला लागलास की तुला माझी सवय राहणार नाही, अशी भीतीही वाटते.
"वर्ष म्हणजे वर्षच?"
"थोडं जास्तही होईल."
नि.ने उठून परात काढली आणि कणीक भिजवायला बसला. पाणी फार झालं होतं. मी बघितलं, सांगितलं नाही. त्याने आणखी पीठ घातलं, मग पुन्हा पाणी.
मालकिणीला सकाळी फोन करायचाय. एक खोली की दोन, अजून ठरायचंय.