रिअ‍ॅक्टरपाशी तोल जातो

३ मार्च
आजही जिन्यावर तोल गेला. शेजारच्या वहिनींनी दार लावून घेतलं. दारू सोडून वर्ष झालं – पण सांगणार कुणाला? आमची ही तिच्या बहिणीकडे निघून गेली आहे. जाताना तिने माझं तोंड हुंगलं. वास नव्हता. "आता वास न येणारी प्यायला लागलात," म्हणाली.

५ मार्च
रिअ‍ॅक्टरवर – कारखान्यातल्या बंद टाकीवर – दिवसभर एकटाच. कापसाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवून आत भरायचा, वर मिथाइल क्लोराइडचा वायू सोडायचा आणि स्टुलावर बसून दाबाच्या काट्याकडे बघत राहायचं. तयार माल, म्हणजे घट्टपणा आणणारी भुकटी, धुवायचा तो उकळत्या पाण्यात – गार पाण्यात विरघळून जातो! तऱ्हेवाईक माल. आमची हीसुद्धा तशीच. आवाज चढवला की घट्ट, गारपणे घेतलं की विरघळते. यंदा गारपणे घेऊनही उपयोग झाला नाही.

संध्याकाळी डोकं ठणकलं. काटे दोन-दोन दिसत होते.

८ मार्च
रविवार. डोकं स्वच्छ, पाय जमिनीवर. कुणाशी बोलणं नाही. दूध घेताना दुकानदाराला उगाच दोन प्रश्न विचारले.

९ मार्च
सुपरवायझरसमोर जीभ अडखळली. "पुन्हा सुरू वाटतं?" नाही म्हणालो – तेही बोबडं.

हिला फोन केला. "सुट्टीला बरे असता, कामावरच कसं होतं हो तुम्हाला? खरं काय ते सांगा, येते मी. खोट्याबरोबर राहणार नाही."

१० मार्च
मी खरंच पितो आणि विसरतो की काय? कपाट उपसलं. बाटली नाही. सापडली असती तर बरं झालं असतं.

११ मार्च
हिला फोन करून कबूल केलं. कामावर लपून पितो म्हणालो. ती रडली, मग आवाज मऊ झाला. रविवारी येते म्हणाली.

साहेबांनाही तेच सांगितलं. त्यांनी मला पॅकिंगला टाकलं. रिअ‍ॅक्टरवर आता सज्जनराव – चहालासुद्धा शिवत नाही, म्हणून हे नाव. घर फार मोठं वाटतंय.

१४ मार्च
सज्जनराव झोकांड्या खात बाहेर आला. जीभ माझ्यासारखीच बोबडी. मग कुठे वायू मोजायचा मीटर आणून हवा तपासली – स्टुलामागचा व्हॉल्व्ह गळत होता. डॉक्टर म्हणाले, या वायूने माणूस प्यायल्यासारखाच वागतो.

हिला फोनवर सगळं सांगितलं. तिने विचारलं, "मग तुम्ही कबूल का केलंत?"

"तू यावीस म्हणून."

"उद्या नको," म्हणाली, "आजची शेवटची बस आहे अजून. निघते."