तुमच्या पक्षातली नवी माणसं

अण्णा, तुमच्या पक्षाला नवा जिल्हाध्यक्ष मिळाला. तुम्ही गेल्यापासून ते पद मास्टरजींकडेच होतं, तुमच्या जुन्या सोबत्याकडे. आता त्यांना ऐकू येत नाही, पायही साथ देत नाहीत. ते स्वतः रिक्षा करून निमंत्रण द्यायला आले. "बिटिया, तुम बस अण्णाजी के फोटो को माला पहना देना, बाकी नये लोग देख लेंगे." माझी पन्नाशी उलटली तरी मी त्यांची बिटियाच. तीन तरुण माणसं पुढे आली आहेत, आता पक्ष पुन्हा उभा राहील, असं ते दोनदोनदा सांगत होते. खरं सांगायचं तर जाताना मलाही थोडी आशा वाटत होती.

रेल्वेच्या वर्कशॉपात होतात तोवर तुम्हाला राजकारण करायला मनाई होती. रिटायर झालात आणि आपली बैठकीची खोली पक्षाची झाली. दर रविवारी सकाळी आई सांजा करायची आणि मी बशा बाहेर नेऊन द्यायची. लोक विचारायचे, अण्णाजी, तुम्ही नवं काय देणार? तुम्ही म्हणायचात, नवं देणारे पुष्कळ आहेत, आम्ही आहे ते सांभाळणारे. लक्ष्मी तालाच्या, आपल्या गावच्या तळ्याच्या, काठावर भराव टाकून दुकानं काढायची टूम निघाली, तेव्हा अर्ध्या बाजाराचा रोष पत्करून तुम्ही विरोध केलात. देवळाचा कारभार भक्तांनी बघावा, सरकारनं नाही आणि आपल्यासारख्या पुढाऱ्यांनी तर मुळीच नाही, हेही तुम्हीच म्हणायचात. यातलं बरंचसं मला तेव्हा पटायचं नाही. पण तुम्ही बोलत असलात की मी रिकामी बशी हातात घेऊन दारातच उभी राहायची.

एक रविवार मात्र अजून डोळ्यांपुढे आहे. निवडणूक तोंडावर आलेली. समोरच्या पक्षानं एका विधवा बाईंना उभं केलंय. ओरछा गेटचा सगळा मोहल्ला ज्याच्या शब्दावर चालतो, तो तुमचा कार्यकर्ता सांजा खाता खाता त्या बाईंवरून काहीतरी घाण बोलतो आणि दोघंतिघं हसतात. तुम्ही बशी खाली ठेवता. आवाज जराही चढत नाही. "भैया, उठिए. इस घर में अब मत आइएगा." तो उठतो, चपला घालतो, जातो. स्वैपाकघरात आई तुम्हाला म्हणते, "अहो, अख्खा मोहल्ला त्याच्या हातात आहे." तुम्ही म्हणता, "असू दे. एवढंही राखता येत नसेल, तर आपण राखायचं तरी काय?" मोहल्ला गेला, निवडणूकही गेली. पुढच्या रविवारी तुम्ही नेहमीसारखे दार उघडून बसलात.

निवडीची सभा दतिया गेटजवळच्या धर्मशाळेत होती. माणसांपेक्षा खुर्च्या जास्त. पहिला बोलला तो एका ठेकेदाराचा मुलगा. निवडणुकीला हव्या तेवढ्या गाड्या देतो म्हणाला आणि बसला. दुसरा मोबाइलवर व्हिडिओ करतो, त्याचे व्हिडिओ म्हणे लाखो लोक बघतात. त्यानं फोन स्टँडवर उभा केला आणि आमच्याकडे अर्धी पाठ करून फोनशीच बोलला. आपली परंपरा संकटात आहे, हे त्यानं इतक्या वेळा सांगितलं, पण कुठली परंपरा ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिसरी एक मुलगी, ओरछा गेटचीच, कचहरीत वकिली करते. ती आपल्या इथल्या बुंदेलीत म्हणाली, "हम औरें कहत हैं बचाओ, बचाओ. का बचाने है, जा तो कोऊ बताओ." नेमकं काय वाचवायचं, ते विचारून मग ती तालात सोडलेल्या नाल्याबद्दल बोलली, रोज नवा कायदा करण्यापेक्षा आहेत ते पाळावेत म्हणाली. अण्णा, मी सरसावून बसले. वाटलं, ही आली. उशिरा का होईना, तुमचं माणूस आलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून तिच्यावर कुणीतरी शेरा मारला. लग्न न करता दिवसभर कचहरीत कुणाकुणाबरोबर हिंडते, अशा अर्थाचा. सभा हसली. मास्टरजींना काही ऐकू आलं नव्हतं, सगळे हसतात म्हणून तेही हसले. मी उठले. "माफ़ी माँगिए," म्हटलं. तो व्हिडिओवाला वळून अगदी गोड आवाजात म्हणाला, "बुआजी, मज़ाक था. आप बैठ जाइए." शेजारच्या बाईंनी माझा पदर ओढला. त्या रविवारी तुम्ही त्या माणसाला उठा म्हणालात तेव्हा तो उठून गेला होता. मी उठले, तर मलाच खाली बसवलं. त्या मुलीनं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं आणि ती जागेवर गेली. हात वर झाले. व्हिडिओवाला अध्यक्ष झाला, ठेकेदाराचा मुलगा उपाध्यक्ष. तुमच्या फोटोला हार घालून मी घरी आले.

काही दिवसांनी ती मुलगी घरी आली. स्वैपाकघरातच बसली. मी चहा टाकला. "दीदी, मैं ग्वालियर जा रही हूँ. वहीं हाई कोर्ट में प्रैक्टिस करूँगी." पक्षाचं काय, असं मी विचारलं नाही. तीच म्हणाली, "अण्णाजी होते तो रोक लेते न?"

"हाँ, रोक लेते."

"और आप?"

चहा उतू चालला होता, मी गॅस बंद केला. तुम्ही तिला थांबवलं असतंत, कारण तिच्यामागे उभं राहायला तुम्ही होतात. माझ्या मागे कोण आहे? एक बहिरा म्हातारा आणि ते हसणारे लोक. तिनं वर्षानुवर्षं ते हसणं ऐकायचं, आणि कशासाठी? आपण काही सांभाळतो, हे विसरलेल्या माणसांसाठी. मी म्हटलं, "जाओ." तिनं चहा संपवला, कप विसळून ओट्यावर पालथा घातला आणि गेली. मास्टरजी अजून तिची चौकशी करतात. येईल, असं मी सांगते, मोठ्यानं, त्यांच्या कानाशी.

नव्या अध्यक्षानं दतिया गेटच्या बाजारात मोठा बॅनर लावलाय. खाली तो, वर तुम्ही. कॉम्प्युटरवर कायकाय करून त्यानं तुम्हाला हसवलंय. डोळे तुमचे, हसू कुणाचं कोण जाणे. मी रागानं फोन केला तर म्हणाला, "बुआजी, अण्णाजी बहुत सीरियस लग रहे थे, पब्लिक कनेक्ट नहीं हो रही थी." काढून टाका म्हणायला तोंड उघडलं होतं, पण म्हटलं नाही.

हे कुठं पाठवायचं नाहीये, म्हणून लिहिते. भाजी आपल्या गल्लीच्या तोंडाशीच मिळते. तरी हल्ली मी दतिया गेटला जाते. हसताना तुम्ही बरे दिसता, अण्णा.