आधी समोरच्याची बाजू

१४ एप्रिल

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सीमेपलीकडचं टपाल सुरू झालं असं ऐकलं आणि लगेच लिहायला बसले. तुझं ‘धडधाकट आहे, काम फार आहे’ एवढंच कार्ड मिळालं. तेवढ्यावर माझं भागेल असं तुला वाटलंच कसं? लढाई आठवड्यात आटोपली, पण आमच्याकडे तोंडाची लढाई अजून जोरात आहे. बस, दुकान, दवाखाना, जिथे जावं तिथे प्रत्येकजण सेनापती. माझं कशात लक्ष लागत नाही. पुस्तक उघडते, मिटते, गच्चीत जाते, परत येते.

लढाईच्या दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला होता. आईने घेतला आणि मिनिटभरात तू ठेवलास, इतकंच मला माहीत. ती काय बोलली ते सांगत नाही. विचारलं की ओटा पुसायला घेते. ओटा आता आरशासारखा झालाय.

आता माझं गाऱ्हाणं. कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे. विषय, आमचं सैन्य तुमच्या देशात शिरलं ते योग्यच होतं. बाजू चिठ्ठी टाकून ठरते आणि माझ्या चिठ्ठीत ‘योग्यच’ आलं. मैत्रिणी म्हणतात, नशीबवान आहेस, अख्खं सभागृह तुझ्याच बाजूचं. पण मावशी, मी वाक्य जुळवते आणि ते तुझ्यासमोर म्हणून पाहते, की घशात अडकतं. नाव मागे घेऊ का? तू म्हणशील ते करीन.

लोभ होता तसाच ठेव, रागावलीस तरी.
तुझी टकळी

२३ एप्रिल

चि. टकळीस,
अ. उ. आ.

नाव मागे घेतलंस तर कान धरीन, मधे सीमा असली तरी. लहानपणी तुझी टकळी बंद व्हावी म्हणून आम्ही तुला गोळ्या चघळायला द्यायचो, आणि आता बोलायची वेळ आली तर घशात अडकतं म्हणतेस.

आधी इकडची हालहवाल. माझ्या दातांच्या कवळ्यांच्या कामाला अंत नाही. तोफांच्या हादऱ्यांनी कारखान्यातलं मोठं फडताळ कोसळलं आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या जबड्यांचे साचे जमिनीवर एकमेकांत मिसळले. आता गुडघ्यांवर बसून कुणाचा वरचा, कुणाचा खालचा ते लावत बसले आहे. त्यात गिऱ्हाइकांची रांग. पळताना माणसं दागिने आठवणीने घेतात आणि दात विसरतात. पेन्शनीतल्या मास्तरीणबाई तळघरात सगळा वेळ पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, तेव्हा वाटलं घाबरल्यात. माझ्याकडे परत आलेली एक कवळी मात्र न्यायला कुणी येणार नाही. ती मी खिडकीत ठेवली आहे. मी अजून बूट घालूनच झोपते, आणि ट्रक गेला तरी उठून बसते.

आता तुझं भाषण. मी आणि तुझी आई भांडलो की तुझे आजोबा आम्हाला जिन्यावर बसवायचे. बोलणारीला वरची पायरी, ऐकणारीला खालची. वरचीने आधी समोरचीची बाजू मांडायची, ती ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत. मगच स्वतःची. पाय बधिर व्हायचे, पण सुटका नसे. तर आज मी वरच्या पायरीवर बसते आणि तुमची बाजू मांडते. लिहून घे.

इथे सीमेजवळच्या गावांत तुमची भाषा बोलणाऱ्यांना त्रास होत होता, हे खरं आहे. त्यांच्या दुकानांच्या पाट्या काढायला लावल्या. बाजारात माझ्या डोळ्यांदेखत एक पाटी उतरवली आणि मी भाजी निवडत राहिले. आमच्या पुढाऱ्यांनी लांबच्या दोस्तांच्या जोरावर तुमच्या दारात तोफा आणून ठेवल्या, हेही खरं. ज्याच्या दारात तोफ येते त्याची झोप उडणारच, तो कितीही मोठा असो. मोठ्याला भीती वाटत नाही असं लहानांना वाटतं, ते चूक आहे. हे सगळं ठणकावून सांग.

एक मात्र करू नकोस. लढाई लवकर संपली हे तुमच्या बाजूने सांगू नकोस. त्याने काही सिद्ध होत नाही.

लिहिताना दोनदा उठले आणि पाणी प्यायले. पण बाजू मांडायची तर नीट मांडायची, कळकट भांडं घासल्यासारखी नाही. जिंकून ये. माया पाठवते आहे, मोजून घेऊ नकोस.
तुझी मावशी

६ मे

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

जिंकले. पण आनंद होईना म्हणून लगेच लिहिते आहे.

आई तिसऱ्या रांगेत होती. दारात तोफ येते या वाक्याला टाळ्या पडल्या, आईने तर हात दुखेपर्यंत वाजवल्या. मग मी पाटीचं सांगितलं, आणि मागोमाग, बाजू मांडायची तर नीट मांडायची, कळकट भांडं घासल्यासारखी नाही, असं ओघात बोलून गेले. आईचे हात तिथेच थांबले. घरी आलो. दार उघडल्यावर म्हणाली की हे धाकटीचं आहे. कळकट भांड्याचं बोलणं जगात एकच बाई करते. मी कबूल केलं.

मला वाटलं चिडेल. ती आत न जाता जिन्यात बसली, खालच्या पायरीवर. म्हणाली, माझ्या मनातलं मलासुद्धा इतकं नीट सांगता आलं नसतं. मला ‘हो, हेच’ म्हणणं भाग आहे. आता पाळी माझी.

तेव्हापासून ती कागद घेऊन बसते आणि फाडते. मला काही विचारू देत नाही. ओटा मात्र दोन दिवस पुसलेला नाही. तू काही कळवू नकोस, फक्त वाट बघ. मी दोघींच्या मधे आहे, दोन्हीकडून माझ्यावर जीव असू दे.
तुझी टकळी

१५ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हा सहावा कागद. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही हे तुला शाळेपासून ठाऊक आहे, तेव्हा हसू नकोस.

तुझी बाजू मांडते. तुझं म्हणणं, तुमचा देश लहान आहे म्हणून कुणीही आत यावं असं नाही. घरात भांडण असलं तरी शेजाऱ्याने दार फोडायचं नसतं. पाट्यांसाठी आधी बोलता आलं असतं, पण मोठ्याला बोलायचा कंटाळा येतो. सैन्य परत गेलं, पण तुमच्या माणसांची मान खाली गेली, आणि ती वर यायला वेळ लागेल. हे मी पेपर वाचून लिहिलेलं नाही, पेपर बाजूला ठेवून लिहिलं आहे.

आणि फोनवर मी म्हणाले की तुमच्या भल्यासाठीच चाललंय, चार दिवस तळघरात बसा. ते तुला झोंबलं. मला त्या वेळी तसं खरंच वाटत होतं. आता वाटत नाही, असं मी अजून म्हणणार नाही, कारण खोटं होईल. पण ते तुला म्हणायला नको होतं. तुझ्या आवाजाशिवाय मला घर खायला उठतं.

हेच ना तुझं म्हणणं? राग उरला असेल तर लिही, पण लिही.
तुझी ताई

२४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. तू माझ्या देशाची बाजू छान मांडलीस, आमच्या पुढाऱ्यांनाही इतकी साधली नाही. पण ‘हो, हेच’ नाही म्हणता येत. देशाची बाजू सांगायला मी फोन केलाच नव्हता.

आमच्या शेजारचे पोस्टमनकाका, मी लग्न होऊन इथे आले तेव्हा ज्यांनी मला पहिल्यांदा ‘सूनबाई’ म्हटलं ते. त्यांना नवी कवळी मी करून दिली होती आणि बजावलं होतं की रोज झोपताना पाण्यात काढून ठेवा, नाहीतर हिरड्या दुखतील. भोंगा वाजला तेव्हा ते झोपेतून उठून तसेच तळघरात आले. सगळ्या बायका बसलेल्या, आणि त्यांना बोळक्या तोंडाने बोलायची लाज वाटली. आलोच म्हणाले आणि वर गेले. मी हाताने अडवलं नाही, नुसतं हसले. ते परत आले नाहीत. पेला सापडला त्यांच्या खिडकीत, तडासुद्धा नाही, आणि कवळी पाण्यात जशीच्या तशी.

ताई, मी तुला हे सांगायला फोन केला होता. मला दुसरं कुणी नव्हतं सांगायला. मी ‘ताई’ म्हटलं आणि तू लगेच भल्याचं सुरू केलंस. तू मला ‘काय झालं’ असं विचारलं नाहीस. तेवढीच माझी बाजू आहे, बाकी देशांचं देश बघून घेतील.

बस सुरू झाली आहे, आठवड्यातून एकदाच सुटते. टकळीला घेऊन ये. फडताळ अजून लावायचं आहे, साचे ओळखायला दोन डोळे जास्त लागतील. आमच्या इमारतीला जिना आहे. वरची पायरी तुझी. माझी बाजू तोंडाने सांग. नीट सांगितलीस तर मी ‘हो, हेच’ म्हणेन. पण आधी विचार, काय झालं.

वाट बघते.
तुझी धाकटी